शोरूमसमोर गाऱ्हाणं, आणि राग नक्की कुठल्या पत्त्यावर पाठवायचा

परळीचा तो गाढववाला व्हिडिओ तुम्ही बघितलाच असेल. एप्रिल २०२२, बीड जिल्हा, एका माणसाने आपली बंद पडलेली ओलाची इलेक्ट्रिक स्कूटर गाढवाला बांधली आणि गावभर फिरवली, सोबत बोर्ड की या कंपनीवर विश्वास ठेवू नका. त्याच महिन्यात तामिळनाडूत आंबूरजवळ एका डॉक्टरने स्वतःची स्कूटर पेट्रोल ओतून पेटवली. २०२४ च्या सप्टेंबरात कलबुर्गीत तर एका गिऱ्हाईकाने अख्खं शोरूमच पेटवलं, आणि तो गडी स्वतः मेकॅनिक होता, म्हणजे गाडीला काय झालंय ते त्याला कळत होतं, फक्त त्याचं ऐकून घेणारं कोणी नव्हतं. शेवटी अटक त्यालाच झाली.

आपण हे सगळं बघतो, हसतो, ग्रुपवर टाकतो. पण मला हल्ली एकच प्रश्न पडतो की एवढा सगळा राग, एवढी पेटवापेटवी, ती पोचली कुठे? गाढव फिरलं परळीत, कंपनीचं हेडऑफिस बंगळुरात. शोरूम जळलं कलबुर्गीत, गाडीचं डिझाइन करणारे, पार्ट पास करणारे, वॉरंटी क्लेम नाकारणारे सगळे भलतीकडेच, एसीत.

हे सुचायचं कारण म्हणजे आमच्या घरात तसलीच एक गाडी आलीय. दादाची. कंपनीचं नाव लिहिणार नाही, मॉडेलपण नाही, प्रकरण पुढे न्यायचंय आणि उद्या बदनामीची नोटीस आली तर फुकटचा ताप. एवढंच सांगतो की पेट्रोल गाडी आहे, वर सनरूफ आहे, आणि पावसात आत पाणी येतं.

तर सनरूफबद्दल एक गोष्ट, जी घेताना सेल्सवाला सांगत नाही. सनरूफच्या काचेच्या कडेने थोडं पाणी आत येणारच असं धरूनच ती बनवलेली असते. काचेखाली चारी बाजूंनी पन्हळ असते, पन्हळीच्या कोपऱ्यांना बारीक रबरी नळ्या, पुढच्या नळ्या विंडशील्डच्या बाजूच्या खांबांतून खाली उतरतात, मागच्या नळ्या मागच्या खांबांतून, आणि पाणी गुपचूप गाडीखाली सांडतं. नळी तुंबली, जोडातून निसटली, किंवा फॅक्टरीतच धड बसवलेली नसली की तेच पाणी छताच्या कापडातून, खांबाच्या प्लॅस्टिकमागून उतरून कार्पेटखाली जातं. कार्पेटखाली जाड फोम असतो, तो पाणी धरून ठेवतो, वरून हात लावला तर कोरडं, दाबलं तर पचपच. आणि त्याच फोमच्या आजूबाजूने वायरिंग गेलेलं असतं, जोड असतात, पुढे फ्यूजबॉक्स. मग एक दिवस खिडकीची काच आपोआप खाली जाते, एक दिवस हॉर्न वाजत नाही, एक दिवस डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागतात.

कोरड्या गावात ही गाडी दहा वर्षं सुखाने चालेल. इथे गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर. म्हणजे या चार महिन्यांत जी परीक्षा होते ती बाहेर फार थोड्या ठिकाणी होत असेल. त्यात आमच्या अंगणाला उतार. गाडी नाक खाली करून उभी राहते, म्हणजे सगळं पाणी पुढच्या नळ्यांवर. सर्विस सेंटरला सपाट फरशीवर उभी करून वरून पाइपने पाणी मारतात, बघा सर, एक थेंब नाही. खरंच नसतो एक थेंब. दादा म्हणायचा, अहो रात्रभर पाऊस पडू द्या आणि उतारावर लावा, मग बघा. ते म्हणायचे, आमच्याकडे उतार नाही.

हे असं चालू होतं तोवर आमच्या घरात हा कटकटीचा विषय होता, भीतीचा नव्हता. मग बेळगावहून येताना चोर्ला घाटात, रात्री, धो धो पावसात वायपर थांबले आणि एका बाजूचा हेडलाइट गेला. गाडीत वहिनी, पोरगी, आई. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, मागे ट्रक. दादाने काच खाली करून डोकं बाहेर काढून गाडी कडेला घेतली. तो त्या रात्रीबद्दल जास्त बोलत नाही. वहिनी बोलते. वहिनी म्हणाली, आता एक तर ती गाडी घरातून जाईल नाही तर मी.

मग ग्रुप झाला. व्हॉट्सॲपवर, अर्थात. पेडण्यापासून काणकोणपर्यंत त्याच मॉडेलचे लोक, कोणाचं कार्पेट भिजलेलं, कोणाचं छत पिवळं पडलेलं, एकाच्या गाडीत सीटखाली अक्षरशः बुरशी. पहिले काही दिवस नुसता शिव्यांचा पाऊस, मग कोणीतरी म्हणालं मोर्चा काढूया, मग ठरलं की रविवारी शोरूमवर जायचं, रविवारी गिऱ्हाईक जास्त असतं. एकाची आयडिया की यंदा दिवाळीला नरकासुराचा पुतळा न करता थर्माकोलची गाडी करून पहाटे शोरूमसमोर जाळायची. दुसरा म्हणाला, दिवाळीला पाऊस संपलेला असणार, कोण विचारणार. तोही मुद्दा होताच.

रविवारी गेलो. मीपण गेलो, गाडी माझी नाही पण दादाला एकट्याला सोडलं असतं तर त्याने काय केलं असतं सांगता येत नाही. पंधरा-वीस गाड्या, बॉनेटवर बॅनर, एकाने सनरूफमधून उघडी छत्री बाहेर काढून ठेवलेली, ती मात्र झकास दिसत होती. पोलीस आले, म्हणाले गेटच्या आत नको, रस्ता अडवू नका, बाकी काय करायचं ते करा. घोषणा झाल्या, पण घोषणा देणाऱ्यांनाच थोड्या वेळाने लाज वाटायला लागली, आपण काय पक्षाचे कार्यकर्ते आहोत का. मग पेडण्याच्या बाजूचे एक काका पुढे आले, धोतर नाही, साधी पँट-शर्ट, पण गावच्या देवळात गाऱ्हाणं घालणारे, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालणारे. त्यांनी शोरूमच्या काचेच्या दारासमोर नारळ ठेवला, हात जोडले आणि सुरू केलं.

बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वाटेच्या म्हाराजा, आज ही तुजी लेकरां तुज्यासमोर उबी आसत, ह्यांनी बँकेचां कर्ज काडून गाडयो घेतल्यो, त्या गाडयांत पावसाचा पाणी भरता, आनी कंपनी म्हणता पाणी खंय आसा, आमकां दिसना! त्या कंपनीच्या सायबांच्या डोळ्यांर जो पडदो पडलो आसा तो दूर कर, आनी ज्या कोणी जॉब कार्डार खोटां बरयलां आसत तेका एक पावस ह्याच गाडयेत बसय रे म्हाराजा!

आणि आम्ही सगळे, व्हय म्हाराजा!

शोरूमच्या आत गाडी बघायला आलेलं एक जोडपं होतं, ते हळूच बाहेर येऊन आमच्यात उभं राहिलं आणि विचारायला लागलं की नक्की काय प्रॉब्लेम आहे. तेवढी एक विक्री आम्ही मोडली असणार. व्हिडिओ तुफान फिरला. संध्याकाळपर्यंत मुंबईच्या मावशीचा फोन.

पण तिथेच, त्या दाराच्या आत, हात मागे बांधून जो पोरगा उभा होता, त्याच्याबद्दल लिहायचंय मला. सर्विस ॲडव्हायझर. आमच्याच वाड्याच्या पलीकडचा, त्याची आई आणि आमची आई चवथीला एकमेकींकडे जातात, लहानपणी याच पोराला दादाने सायकल शिकवलेली. आणि दादा त्याच्यावर ओरडत होता. नुसता ओरडत नव्हता, जे ओरडू नये ते ओरडत होता. पोरगा काही बोलला नाही, मान खाली. गोवा हे एवढंसं राज्य आहे, इथे तुम्ही कुठल्याही काउंटरवर जाऊन भांडा, काउंटरपलीकडचा माणूस कोणाचा तरी भाचा निघतोच आणि बऱ्याचदा तुमचाच.

तो रात्री घरी आला. आईने चहा ठेवला. दादा बोलेना. पोरगा म्हणाला, दादा, तू सांगतो ते मला माहीत आहे, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी जॉब कार्डवर वॉटर लीकेज लिहिलं की क्लेम कंपनीकडे जातो, कंपनी फोटो मागते, टेस्टचा व्हिडिओ मागते, मग म्हणते की नळी पालापाचोळ्याने तुंबली, म्हणजे गिऱ्हाईकाने साफ ठेवली नाही, म्हणजे वॉरंटीत नाही. क्लेम परत आला की मजुरी डीलरच्या अंगावर, आणि मॅनेजर ती आमच्या इन्सेंटिव्हमधून बघतो. म्हणून वरून सांगितलंय, लीकेज लिहू नका, ड्रेन क्लीनिंग लिहा, इंटीरियर क्लीनिंग लिहा, गाडी पुसून द्या.

दादाने आपल्या गाडीची सगळी जॉब कार्डं, म्हणजे प्रत्येक सर्विसला मिळणारे कामाचे कागद, काढली. सगळ्यांवर तेच. क्लीनिंग. जनरल चेकअप. कस्टमर ॲडव्हाइज्ड. एकावर तर नुसतं वॉशिंग. म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन बघितलं तर आमच्या गाडीत पाणी कधी आलेलंच नाही! आम्ही इतके वेळा गेलो त्याचा रेकॉर्ड एवढाच की ही मंडळी फार स्वच्छताप्रिय आहेत.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे संन्याशालाही महिन्याच्या पगारासाठी चोराचीच बाजू घ्यावी लागते. डीलर कंपनीला घाबरतो, मॅनेजर डीलरला, पोरगा मॅनेजरला, आणि आपण येऊन पोराला घाबरवतो. साखळीच्या वरच्या टोकाला हे कळतसुद्धा नाही. तिकडे महिन्याला एक तक्ता जातो आणि त्यात लीकेजच्या रकान्यात शून्य असतं.

ग्रुपमध्ये माशेलच्या एक रिटायर्ड शिक्षिका आहेत, सगळे त्यांना टीचरच म्हणतात. त्यांनी गाऱ्हाण्याला नारळ आणला होता, पण त्यांचं म्हणणं पहिल्यापासून वेगळं होतं. त्यांनी एक तक्ता केला. प्रत्येक गाडीचा चॅसिस नंबर, बनवल्याचा महिना, कुठल्या तारखेला काय तक्रार सांगितली, जॉब कार्डवर काय छापून आलं, गाडीत पाणी नक्की कुठून उतरलं, आणि पाण्यानंतर काय काय बंद पडलं. शेवटचा रकाना त्यांनी हट्टाने घातला, आणि तोच सगळ्यात कामाचा निघाला. कसा ते सांगतो.

आपल्याकडे रिकॉलचा, म्हणजे दोष असलेल्या गाड्या कंपनीने परत बोलावून दुरुस्त करून देण्याचा, कायदा आहे. बऱ्याच जणांना वाटतं नाही, कारण वर्षानुवर्षं नव्हताच, २०१२ पासून कंपन्यांच्या संघटनेचा आपखुशीचा नियम होता, ज्याला वाटेल त्याने पाळायचा. २०१९ ला मोटर वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, कलम ११०अ आलं, आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतली गाडी असली तर मालक वाहन पोर्टलवर तक्रार टाकू शकतो, एकाच दोषाच्या ठरावीक तक्रारी जमल्या की सरकारी यंत्रणा कंपनीला विचारते, चौकशी होते, सक्तीचा रिकॉल निघाला तर गाड्यांच्या संख्येप्रमाणे दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड. पण यातला दोष म्हणजे कुठलाही दोष नव्हे. रस्त्यावरच्या सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका होईल असा पाहिजे. म्हणजे कार्पेट भिजलं, वास येतो, छत पिवळं पडलं, यावर तुम्ही कितीही नारळ फोडा, रिकॉलवाले म्हणणार हा आरामाचा प्रश्न आहे. पाण्याने वायपर बंद पडले, हेडलाइट गेला, घाटात गाडी आंधळी झाली, हे मात्र बसतं. ग्रुपमधले निम्मे लोक आपल्या तक्रारीत वासाबद्दल पानभर आणि हेडलाइटबद्दल एक ओळ लिहीत होते. टीचरने सगळ्यांकडून उलटं लिहून घेतलं. शाळेतल्यासारखं, परत लिहा.

कंपन्या स्वतःहून रिकॉल करतातही, नाही असं नाही. २०२१ च्या मे महिन्यात रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलसाठी २,३६,९६६ मोटरसायकली परत बोलावल्या, त्याच वर्षी सप्टेंबरात मारुतीने १,८१,७५४ गाड्या. कोणी बोर्ड घेऊन उभं न राहताच. अशी बातमी आली की लोक म्हणतात बघा कसली भंगार कंपनी. मला उलटं वाटतं. ज्या कंपनीचा रिकॉल कधीच ऐकू येत नाही तिची मला जास्त काळजी वाटते, तिच्या तक्त्यात शून्य कोण लिहितंय असं मनात येतं.

आता पत्त्याचा मुद्दा कोर्टातसुद्धा कसा येतो बघा, आणि ही केस आपल्या गोव्यातलीच. २०११ साली एका माणसाने टाटा मोटर्सच्या डीलरकडे २०११ च्या मॉडेलचे पैसे भरले, मिळाली २००९ ची गाडी, तीही सहाशेच्या वर किलोमीटर पळालेली. तो ग्राहक मंचात गेला, जिंकला, राज्य आयोगात जिंकला, राष्ट्रीय आयोगात जिंकला, डीलर आणि कंपनी दोघेही जबाबदार. टाटा सुप्रीम कोर्टात गेली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये कोर्टाने कंपनीला सोडलं. कारण डीलर हा कंपनीचा नोकर नाही, तो कंपनीकडून गाडी विकत घेऊन पुढे विकणारा स्वतंत्र व्यापारी, आणि डीलरने जे केलं ते कंपनीला माहीत होतं असं तक्रारीत धड मांडलेलंही नव्हतं आणि सिद्धही झालं नव्हतं. डीलर काही सुटला नाही. पण दहा वर्षं लढून एका माणसाला हे कळलं की कोणाविरुद्ध नक्की काय म्हणायचंय ते पहिल्या कागदावरच लिहायला पाहिजे होतं.

म्हणून जुनी गाडी नवी म्हणून विकली, पैसे जास्त घेतले, जॉब कार्डवर भलतंच लिहिलं, हे डीलरचं. नळीचा जोड ढिला, पन्हळीचा आकारच चुकलेला, एकाच महिन्यात बनलेल्या गाड्यांत तोच प्रकार, हे कंपनीचं. दोघांनाही तक्रारीत विरुद्ध पक्ष करा पण दोघांच्या नावापुढे वेगवेगळं लिहा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या जबाबदारीचं वेगळं प्रकरणच आहे, त्यात डिझाइनमधला दोषही येतो. आणि त्याच कायद्याने एक मोठं काम केलं, तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, म्हणजे उत्तर गोव्यातल्यांनी पर्वरीला, दक्षिण गोव्यातल्यांनी मडगावला, बंगळुरू-गुरुग्रामला जायची गरज नाही. वकील सक्तीचा नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी शून्य, दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये, वीस लाखांपर्यंत चारशे. सारख्या तक्रारीचे लोक आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकच तक्रार करू शकतात. फक्त दोन वर्षांच्या आत, आणि ही दोन वर्षं कशी जातात हे सर्विस सेंटरला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं, पुढच्या पावसात बघू सर, पुढच्या पावसात बघू.

वेळ लागतो, हे खरंच. कायदा म्हणतो तीन महिने, लॅबमध्ये तपासायचं असेल तर पाच. हैदराबादच्या एका कंपनीने २००९ च्या सप्टेंबरात बीएमडब्ल्यू घेतली, चार दिवसांत दोष दिसला, ती केस ग्राहक आयोगातली नव्हे, फसवणुकीची फौजदारी, आणि सुप्रीम कोर्टाने पन्नास लाख द्यायला सांगितले ते जुलै २०२४ मध्ये. ती बीएमडब्ल्यू घेणारी मंडळी होती, त्यांना पंधरा वर्षं परवडली. आमच्या दादाचं कर्ज त्याच्या आत संपेल आणि गाडीपण.

मग लोक रस्त्यावर येतात त्याला मी नावं ठेवणार नाही. चीनमध्ये २०१९ ला शिआनमध्ये एक बाई मर्सिडीजच्या शोरूममध्ये गाडीच्या बॉनेटवर बसून रडली, नवी गाडी शोरूममधून बाहेर पडायच्या आधीच इंजिनातून ऑइल गळत होतं, व्हिडिओ देशभर गेला आणि तिला नवी गाडी मिळाली. दोन वर्षांनी शांघायच्या ऑटो शोमध्ये दुसरी बाई ब्रेक फेल लिहिलेला टीशर्ट घालून टेस्लाच्या टपावर चढली. टेस्लाने माफी मागितली खरी, पण बाईला पाच दिवस कोठडी, आणि पुढे बदनामीच्या दाव्यात तिलाच भरपाई द्यायला लावली. पहिलीच्या गाडीखाली ऑइल सांडलेलं सगळ्यांना दिसत होतं. दुसरीला ब्रेक फेल झाले हे सिद्ध करायचं होतं, आणि गाडीचा सगळा डेटा कंपनीकडे. नुसत्या हिमतीचा प्रश्न असता तर दुसरी जास्त हिमतीची होती.

आणि लांब कशाला जा, २०२५ च्या ऑक्टोबरात इथे गोव्यात काय झालं ते आठवा. ओलाच्या स्कूटरवाल्यांच्या गाड्या दुरुस्तीसाठी अडकून पडल्या होत्या, ते लोक रस्त्यावर आले, पण शोरूमवर थांबले नाहीत, थेट वाहतूक खात्याकडे गेले आणि म्हणाले आधीच्या गाड्या दुरुस्त होईपर्यंत नवीन विकायला देऊ नका. आणि खात्याने नव्या ओला गाड्यांचं रजिस्ट्रेशन थांबवलं! त्याच्या आधीच्या वर्षी केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने त्याच कंपनीला नोटीस काढली होती ती हेल्पलाइनवर वर्षभरात आलेल्या १०,६४४ तक्रारींवरून. त्या तक्रारी करणाऱ्यांपैकी बहुतेकांचा व्हिडिओ काही व्हायरल झाला नसणार, हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन लावून तक्रारीचा डॉकेट नंबर घेऊन गप्प बसलेले लोक ते. गाढवापेक्षा त्यांनी जास्त काम केलं असं माझं मत. गाढवाची मजा वेगळी, ते सोडा.

आमच्याकडे सध्या काय चाललंय तर टीचरचा तक्ता, सगळी जॉब कार्डं आणि गाऱ्हाण्याचा व्हिडिओ असं एकत्र करून ईमेल गेला, डीलरला नाही, कंपनीच्या रजिस्टर्ड ऑफिसला, आणि प्रत छापून रजिस्टर पोस्टाने. मग मात्र कंपनीचा माणूस आला. साहेब, बूट चकचकीत, पहिल्यांदा म्हणाला पालापाचोळा. दादाने त्याला आमच्या अंगणात आणलं, गाडी उतारावर लावली, त्या रात्री पावसाने साथ दिली. सकाळी वाड्यापलीकडच्या त्याच पोराने, साहेबासमोर, खांबाचं प्लॅस्टिक उघडलं. नळी स्वच्छ होती. पाचोळा नाही, माती नाही. ती खालच्या जोडातून सुटलेली होती आणि टोक मोकळं लोंबत होतं. साहेबाने फोटो काढले, दोन-तीन फोन केले, मग म्हणाला गुडविल म्हणून, म्हणजे चूक मान्य न करता, सगळं बदलून देतो, कार्पेट, फोम, जोड. टीचरही आल्या होत्या, त्या म्हणाल्या गुडविल नको, कारण लिहून द्या. तो म्हणाला ऑफिसला गेल्यावर लिहितो. त्या म्हणाल्या मोबाइलवर ईमेल येतो ना, इथेच लिहा, मी थांबते. आणि खरंच खुर्ची मागवून बसल्या. आईने पोहे केले. ईमेल आला, ड्रेन होज डिटॅच्ड ॲट लोअर जॉइंट, एवढी एक ओळ.

त्या एका ओळीसाठी दोन पावसाळे गेले.

दादाची गाडी आता कोरडी आहे. बाकी सगळ्यांच्या नाहीत, त्यांना परत तेच पालापाचोळा ऐकवलं जातंय, म्हणून पर्वरीला एकत्र तक्रार करायचं चाललंय आणि रिकॉलच्या पोर्टलवर प्रत्येकाने आपापली वेगळी टाकायचीय, ती एकाने सगळ्यांसाठी टाकून चालत नाही. दादाने त्या पोराला सॉरी म्हटलं का ते मला माहीत नाही, पण परवा तो आमच्या अंगणात दुसऱ्याच कोणाच्या तरी गाडीचा खांब उघडत बसलेला दिसला, रविवारी, युनिफॉर्म न घालता.

तुमच्याकडे सनरूफवाली गाडी असेल आणि पुढच्या सीटखालचा फोम दाबल्यावर हाताला ओल लागत असेल, तर कुठल्या कंपनीची का असेना, आधी जॉब कार्ड हातात घेऊन तिथेच, काउंटरवर उभं राहून वाचा. लीकेज लिहिलेलं नसेल तर सही करू नका. पोरगा कुरकुरेल, त्याला ओरडू नका, म्हणावं मॅनेजरला बोलव. आणि तारीख दिसेल असा फोटो काढा. आमच्या ग्रुपला जोडून घ्यायचं असेल तर खाली गाव आणि गाडीचं वर्ष लिहा, नंबर नको, टीचर बघून कळवतील. त्या उत्तर उशिरा देतात, मंगळवारी भजनाला जातात.